कमळाच्या देठातून दूध

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातला तिसरा अध्याय भग्नचिकित्सेचा, म्हणजे मोडलेल्या-निखळलेल्या हाडांच्या उपचारांचा. पायाकडून डोक्याकडे चढत जाताना सुश्रुत वाटेत जबड्यापाशी थांबतो, आणि तेही मोजक्या श्लोकांपुरता. पण वसमत-परभणी रस्त्यावरच्या हट्ट्यासारख्या गावात, उसाच्या हंगामात ट्रॉल्या आणि दुचाक्या एकाच डांबरावरून धावताना पाहिल्या, की हे श्लोक जुने वाटत नाहीत.

आधी क्रिया पाहा. निखळलेल्या जबड्याची हाडे जवळ आणा, शेका, आणि सांधा नीट बसला तरच पंचांगी बंध, म्हणजे पाच टोकांची पट्टी, बांधा. त्या ‘तरच’मध्ये सगळे शास्त्र आले. पट्टी हा उपचार नव्हे. जागेवर बसलेले हाड तिथे राखण्याची ती युक्ती आहे. वाकडे बसलेले हाड आवळून बांधले, तर ते वाकडेच जुळते. आजचा मुखशल्यचिकित्सकही प्लेट बसवण्याआधी रुग्णाला विचारतो, वरखालचे दात पूर्वीसारखे जुळतात का? खालचा ओठ बधिर झालाय का? हनुवटीवर मार बसला, तर कानापुढचा सांधाही तो चाचपतो, कारण धनुष्यासारख्या या जबड्याला मार बसतो एकीकडे आणि तो मोडतो दुसरीकडे.

इथे मात्र सुश्रुत मला अपुरा वाटतो. दात दातांना बांधून जबडा स्थिर करण्याची कल्पना त्याच्या या श्लोकांत नाही. ग्रीक हिप्पोक्रेटिसच्या परंपरेत मात्र तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात सोन्याच्या तारेने किंवा दोऱ्याने बांधायला सांगितले आहे, आणि आजची तार त्याच वंशातली. शिवाय जबडा पुढून दोन्हीकडे मोडला, तर जीभ मागे पडून श्वास कोंडू शकतो. तातडीच्या विभागात म्हणूनच मान स्थिर राखत आधी श्वास पाहतात, मग रक्त, आणि दात शेवटी.

रस खरा दातांच्या श्लोकांत आहे. हललेले, रक्ताळलेले पण न तुटलेले दात तरुण माणसाचे असतील, तर दाबून बसवावेत, बाहेरून थंड लेप द्यावा, आणि कमळाच्या देठातून दूध पाजावे. म्हाताऱ्याचे हललेले दात मात्र सोडून द्यावेत. एवढे निर्दय, एवढे खरे वाक्य वैद्यकात क्वचित सापडते. तरुण दाताची मुळाभोवतीची पकड नव्याने जुळू शकते. झिजलेल्या हिरडीतल्या दाताला तो आधारच उरलेला नसतो. आणि देठ! चावायचे नाही, पण जगायचे तर आहे. तार बांधलेल्या रुग्णाला आज आपण स्ट्रॉने पातळ पेज, ताक, दूध देतो. देठ गेला, युक्ती राहिली.

हट्टा परिसरातल्या वाचकांसाठी एक सांगणे. मोठ्या माणसाचा किंवा मोठ्या मुलाचा पक्का दात मुळासकट बाहेर पडला, तर मुळाला हात न लावता तो वरच्या भागाने धरा, घासू नका, दुधात ठेवा आणि शक्य तर तासाभरात डॉक्टरकडे पोहोचवा. दुधाचा दात पुन्हा बसवत नाहीत. माणूस नीट श्वास घेत नसेल, तर दाताचा विचार नंतर करा, आधी १०८ला फोन करा.