पर्णार्क, प्रयोगशाळेतील उंदीर आणि मधुमेह : एका संशोधन-प्रकाराची चिकित्सा

प्रस्तावना :
कडुनिंब, बेल, पेरू, कढीपत्ता, मधुनाशिनी इत्यादी वनस्पतींच्या पानांचा अर्क मधुमेही उंदरांना दिला असता त्यांची रक्तशर्करा घटते, अशा आशयाचे शोधनिबंध गेल्या काही दशकांत मोठ्या संख्येने प्रसिद्ध झाले आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी व्यक्ती मधुमेही आहेत. त्यामुळे विषयाचे महत्त्व वादातीत आहे. तथापि, या निबंधांतील निष्कर्ष त्यांतील पुराव्यास कितपत धरून असतात, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रतिमानाची मर्यादा :
या प्रयोगांत प्राण्यांना मधुमेह ‘होत’ नाही, तर तो ‘घडविला’ जातो. अलॉक्झानचा मधुमेहजनक गुण १९४३ मध्ये व स्ट्रेप्टोझोटोसिनचा १९६३ मध्ये उजेडात आला. ही दोन्ही द्रव्ये स्वादुपिंडातील इन्सुलिन स्रवणाऱ्या बीटा पेशींचा नाश करतात. याउलट बहुसंख्य रुग्णांत आढळणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावणे ही मुख्य बाब असते. म्हणजेच प्रतिमान एका विकाराचे आणि निष्कर्ष दुसऱ्या विकाराविषयी, अशी विसंगती येथे निर्माण होते.

अलॉक्झान मुक्त मूलकांच्या द्वारे पेशींना इजा करते आणि पानांतील पॉलिफेनॉल द्रव्ये ऑक्सिडीकरणरोधक असतात. अर्क अलॉक्झानपूर्वी किंवा त्यासोबत दिला असेल, तर फार तर विषापासून संरक्षण सिद्ध होते. मधुमेहावरील उपचार सिद्ध होत नाही. शिवाय अलॉक्झान दिलेले काही प्राणी उपचाराविना आपोआपही सुधारतात. म्हणून उपचार न दिलेल्या मधुमेही गटाची नोंद प्रयोगाच्या अखेरपर्यंत ठेवणे अनिवार्य ठरते.

तुलनेतील तर्कदोष :
प्रमाणित औषध म्हणून बहुधा ग्लिबेनक्लामाइड वापरले जाते. हे औषध शिल्लक बीटा पेशींना इन्सुलिन स्रवण्यास प्रवृत्त करते. त्यामुळे प्रमाणित गटात शर्करा घटली असेल, तर त्या प्राण्यांत कार्यक्षम पेशी उरल्या होत्या, असाच त्याचा अर्थ होतो. अशा स्थितीत अर्काने ‘पेशींचे पुनरुज्जीवन झाले’ हे विधान केवळ रक्तशर्करेच्या तक्त्यावरून करता येत नाही. त्यासाठी रक्तातील इन्सुलिनचे मापन आणि ऊतिछेदांतील पेशींची गणना आवश्यक आहे. ही गणनाही कोणता छेद कोणत्या गटाचा हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीने केलेली असावी.

मात्रेचा प्रश्न :
उंदरांना दर किलो वजनामागे ४०० मिलिग्रॅम अर्क ही या निबंधांतील परिचित मात्रा होय. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २००५ च्या मार्गदर्शिकेनुसार रॅटची मात्रा मानवासाठी ६.२ ने भागावी लागते. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीस दररोज सुमारे ३.९ ग्रॅम अर्क लागेल. शुष्क पानांतून १० टक्के अर्क निघतो असे गृहीत धरल्यास हे प्रमाण सुमारे ३९ ग्रॅम शुष्क पाने इतके होते. हा साधा हिशेब निबंधात मांडला, तर ‘रोज चार पाने चघळावीत’ या लोकसमजुतीस प्रयोगाचा आधार आहे की नाही, हे वाचकास लगेच कळेल.

एक पूर्वोदाहरण :
या चिकित्सेचा अर्थ वनस्पतींतून औषध मिळत नाही, असा मुळीच नाही. युरोपातील गॅलेगा ऑफिसिनॅलिस या वनस्पतीतील गॅलेजिन हे ग्वानिडिन वर्गातील द्रव्य रक्तशर्करा घटवते. परंतु ते विषारी ठरले. त्याच वर्गाशी नाते असलेले मेटफॉर्मिन १९२२ मध्ये संश्लेषित झाले आणि जाँ स्टर्न यांनी त्याचा रुग्णांवरील उपयोग १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. वनस्पती ते गोळी या प्रवासात द्रव्याची ओळख, विषाक्ततेची परीक्षा आणि मानवी चाचणी हे टप्पे होते. आपले बहुसंख्य निबंध पहिल्या टप्प्यापूर्वीच थांबतात आणि शेवटच्या टप्प्याची भाषा बोलतात.

निष्कर्ष :
हा दोष केवळ शैलीचा नाही. ‘मधुमेहरोधी’ हा शब्द निबंधातून जाहिरातीत व तेथून घराघरांत पोहोचतो. त्यावर विसंबून एखाद्या रुग्णाने इन्सुलिन थांबवले, तर ते प्राणावर बेतू शकते. दुसरीकडे, प्राण्यांवरील प्रयोगांसाठी संस्थात्मक नैतिक समितीची संमती आवश्यक असते. ज्या प्रयोगातून नवे काही कळण्याची शक्यता नाही, त्यासाठी प्राण्यांचा बळी देणे या संमतीच्या हेतूशी विसंगत आहे.

म्हणून वनस्पतीचा अधिकृत ओळख-नमुना, प्राण्यांची यादृच्छिक गटविभागणी, मात्रेचे मानवी रूपांतर आणि विषाक्ततेची चाचणी यांची नोंद नसलेला निबंध परीक्षकांनी परत पाठवावा. मार्गदर्शकांनीही विद्यार्थ्यास आणखी एक पान शोधावयास सांगण्यापेक्षा आधी अभ्यासलेल्या पानातील क्रियाशील द्रव्य शोधण्यास प्रवृत्त करावे. आपल्याकडील वनस्पतीविषयक ज्ञानाचा खरा सन्मान त्यातच आहे.