फोटोतल्या घुबडाची साक्ष

इंग्लंडमधल्या दिनदर्शिकांवर आणि भेटकार्डांवर एक चित्र वारंवार दिसते. तशी चित्रे आता आपल्या शाळांच्या भिंतींवरही पोचली आहेत. पडक्या कोठाराची खिडकी, गंजलेले बिजागर, आणि चौकटीत नेमके मधोमध बसलेले पांढुरके घुबड. आपल्याकडच्या गव्हाणी घुबडाचा हा जवळचा नातलग. चित्र सुंदर आहे याबद्दल वाद नाही. प्रकाश, रंग, पिसांचा तलमपणा, सारे जमून आलेले असते. प्रश्न इतकाच की, हे घुबड त्या खिडकीत आपण होऊन आले होते का?

पुष्कळदा याचे उत्तर 'नाही' असे असते. बंदिवासात जन्मलेले शिकारी पक्षी बाळगायला ब्रिटनमध्ये कायद्याची मुभा आहे. असे पक्षी सांभाळणाऱ्या केंद्रांत छायाचित्रकारांसाठी खास दिवस ठेवले जातात. फी भरून आलेली मंडळी कॅमेरे लावून बसतात. पक्ष्याचा सांभाळ करणारा माणूस खिडकीत मांसाचा तुकडा ठेवतो, पक्षी उडत येऊन तिथे बसतो, खातो आणि पुन्हा हातावर परततो. पायातल्या चामड्याच्या वाद्या पानांआड लपवता येतात किंवा नंतर संगणकावर पुसता येतात.

या पद्धतीची सरसकट निंदा करणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. तिच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे. ब्रिटिश पक्षीछायाचित्रणाचे एक आद्य आचार्य एरिक हॉस्किंग यांनी १९३७ साली घुबडाच्या घरट्याजवळ काम करताना पक्ष्याच्या हल्ल्यात एक डोळा गमावला, तरीही पुढे अनेक दशके त्यांनी हे काम सोडले नाही. त्यांची जिद्द असामान्य होती. पण आज प्रत्येक हौशी माणसाने घरट्यापाशी ठाण मांडायचे ठरवले तर पक्ष्यांचे काय होईल? घाबरलेले आईबाप घरट्यापासून दूर राहतात, अंडी गार पडतात, पिले उपाशी राहतात. म्हणूनच १९८१ च्या ब्रिटिश कायद्याने कोठारातले घुबड, बहिरी ससाणा अशा पक्ष्यांना घरट्यावर त्रास देणे हा गुन्हा ठरवला, आणि त्यासाठी परवाना लागतो. ज्याला उडत्या घुबडाचे पंख कॅमेऱ्यात पकडायला शिकायचे आहे, त्याने रानातल्या घरट्यापेक्षा माणसाळलेल्या पक्ष्यावर हात बसवावा हे केव्हाही बरे.

मात्र याचा अर्थ पक्ष्याला काहीच सोसावे लागत नाही असा नव्हे. शिकवलेला पक्षी हातावर परततो तो प्रेमापोटी नव्हे, भुकेपोटी. त्याचे वजन रोज तोलले जाते आणि खाणे त्या हिशेबाने दिले जाते. कोठारातल्या घुबडाचे वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास. अशा हलक्या जिवाच्या बाबतीत थोड्या ग्रॅमांची चूकही महागात पडते. जाणकार माणूस पक्ष्याचे पोट भरले की काम थांबवतो. शिवाय या घुबडाची पिसे आवाज न करता उडण्यासाठी मऊ झालेली असतात, पण पावसात ती लवकर भिजतात. तेव्हा 'पावसातले घुबड' हवे म्हणून नळीने पाणी उडवणे हा निव्वळ अत्याचार आहे. किती वेळा उडवायचे आणि केव्हा थांबायचे, हे ठरवण्याचा अधिकार सांभाळणाऱ्याचा असावा, पैसे भरणाऱ्याचा नव्हे.

माझा मुख्य आक्षेप मात्र पुढचा आहे. प्रयोगशाळेत एखादा आकडा कितीही सुबक आला, तरी तो कोणत्या परिस्थितीत मिळाला हे वहीत लिहिलेले नसेल तर त्याला नोंद म्हणत नाहीत. छायाचित्रालाही हाच नियम लागू व्हायला हवा. हॅरिसच्या बाजाचे उदाहरण घ्या. हा पक्षी अमेरिका खंडांतला, तिथल्या कोरड्या, काटेरी प्रदेशात बऱ्याचदा गटाने शिकार करणारा. शिकवायला सोपा म्हणून ब्रिटनमध्ये तो फार लोकप्रिय आहे. त्याला शेवाळलेल्या ओंडक्यावर, ओकच्या पिवळ्या पानांत एकटा बसवून काढलेला फोटो पाहिला की विद्यार्थी तीन गोष्टी शिकतो: हा पक्षी युरोपातला, दमट जंगलातला आणि एकांतप्रिय. तिन्ही चूक! पक्षी खरा, पाने खरी, तरीही चित्राने दिलेली माहिती खोटी. 'नैसर्गिक परिसर' म्हणजे नुसती हिरवी पार्श्वभूमी नव्हे. त्या जातीचा तिथल्या हवामानाशी, भक्ष्याशी आणि सोबत्यांशी असलेला संबंध म्हणजे परिसर.

असा खोटेपणा कधीकधी उघडही होतो. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या छायाचित्र स्पर्धेत २००९ साली फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. रानातला लांडगा उडी कशाला मारेल, फटीतून निघून जाईल, अशी शंका जाणकारांनी काढली. अंगावरचे पट्टे आणि खुणा ताडून पाहता तो बहुधा माद्रिदजवळच्या प्राणिउद्यानातला माणसाळलेला लांडगा असावा, असे परीक्षकांचे मत झाले. छायाचित्रकाराने आरोप नाकारला, तरी जानेवारी २०१० मध्ये पारितोषिक रद्द झाले. लक्षात घ्या, शंका आली ती कॅमेऱ्याच्या ज्ञानातून नव्हे, तर प्राण्याच्या वर्तनाच्या ज्ञानातून.

तेव्हा उपाय काय? बंदी नको, चित्राखाली एक शब्द हवा: 'पाळीव'. तो शब्द लिहिल्याने चित्राचे सौंदर्य रतीभरही कमी होत नाही, आणि तो लपवल्यास रानात महिनोन्महिने वाट पाहणाऱ्याच्या श्रमांवर अन्याय होतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी शिकारी पक्षी हौसेखातर पाळता येत नाहीत, त्यामुळे असे 'फोटोदिवस' इथे भरत नाहीत. पण परदेशी चित्रे तक्त्यांतून आणि संगणकाच्या पडद्यावरून आपल्या वर्गात येतातच.

म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. पुढच्या वेळी असे चित्र हाती आले की विद्यार्थ्यांना विचारा: ही जात कुठली? तिथे अशी झाडे असतात का? पक्षी कुठे पाहतो आहे? पायात काय आहे? मात्र घाईने निकाल देऊ नका. पायातले कडे संशोधकांनी रानातल्या पक्ष्यालाही घातलेले असू शकते. दिवसा उडणारे घुबडही संशयास्पदच असते असे नाही. ब्रिटनमधले हे घुबड, विशेषतः हिवाळ्यात, उजेडी शिकार करताना दिसते. एका खुणेवरून काहीच सिद्ध होत नाही, अनेक खुणा एकत्र जुळवाव्या लागतात. आणि तेवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर 'सांगता येत नाही' हे उत्तरही वहीत लिहायला लावा. विज्ञानाच्या तासाला त्याला पूर्ण गुण द्यायला हरकत नाही.