मार्सियानो विरुद्ध अली: कॉम्प्युटरने नेमकं काय सांगितलं?

रॉकी मार्सियानो भारी की मुहम्मद अली? मार्सियानो ४९ पैकी ४९ लढती जिंकून १९५६ मध्ये निवृत्त झाला. अली हेवीवेट चॅम्पियन झाला १९६४ मध्ये. त्यांची खरी लढत कधी झालीच नाही. पण २० जानेवारी १९७० ला अमेरिकेतल्या थिएटरांमध्ये ‘द सुपर फाइट’ हा चित्रपट दाखवला गेला आणि कॉम्प्युटरचा म्हणून निकाल जाहीर झाला: तेराव्या राउंडला मार्सियानोने अलीला नॉकआउट केलं.

चित्रीकरणासाठी दोघं खरोखर रिंगमध्ये उतरले होते. मार्सियानो तेव्हा ४५ वर्षांचा, डोक्यावर विग. एकेका मिनिटाचे राउंड आणि वेगवेगळे शेवट चित्रित झाले. निकाल पाहायला मार्सियानो राहिला नाही. ऑगस्ट १९६९ मध्ये विमान अपघातात तो गेला.

गंमत म्हणून चित्रपट ठीकच आहे. पण ‘कॉम्प्युटरने सिद्ध केलं’ हा दावा संशोधन म्हणून तपासला, तर तो तीन ठिकाणी लंगडा पडतो.

पहिलं, इनपुट. वेग, ठोशाची ताकद, मार सोसायची क्षमता यांना आकडे दिले ते माणसांनीच. म्हणजे यंत्राने आपलीच मतं आकडेमोड करून आपल्याला परत दिली. मत आकड्याच्या वेषात आलं की आपण त्याच्याशी वाद घालायचं सोडून देतो, खरा धोका तो आहे.

दुसरं, प्रश्नच अर्धवट आहे. लढत कुठल्या काळाच्या नियमांनी? सप्टेंबर १९५२ मध्ये जो वॉलकॉटविरुद्ध मार्सियानो बारा राउंडनंतर तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर मागे होता. तेराव्या राउंडला एका उजव्या ठोशाने त्याने किताब जिंकला. आज किताबाची लढत बारा राउंडची असते. त्या हिशेबाने तो हरला असता आणि ‘अपराजित’ हे बिरुदही गेलं असतं! वजनाचंही तसंच. मार्सियानो साधारण ८५ किलोचा. आज तो क्रूझरवेट गटात मोडला असता. हे आधी ठरवल्याशिवाय ‘कोण जिंकेल’ याला अर्थच नाही.

तिसरं, प्रत्येकाला एकच ‘क्षमता’ देऊन क्रम लावता येतो हे गृहीतक. मार्च १९७३ मध्ये केन नॉर्टनने अलीला हरवलं. मार्च १९७४ मध्ये जॉर्ज फोरमनने नॉर्टनला दुसऱ्याच राउंडमध्ये संपवलं. मग फोरमन अलीला सहज झोपवणार, नाही का? ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासात अलीने फोरमनला आठव्या राउंडमध्ये नॉकआउट केलं. मधल्या काळात अलीने नॉर्टनला एकदा निसटतं हरवलं होतं हे खरं, पण मुद्दा तोच: कोणाची शैली कोणाला जड जाते, हे एका आकड्यात मावत नाही.

मग असे प्रश्न विचारूच नयेत का? जरूर विचारा. फक्त आधी मॉडेलला झालेल्या लढती द्या, निकाल लपवून. वॉलकॉट-मार्सियानो, अली-फोरमन. तिथे ते वारंवार चुकत असेल, तर न झालेल्या लढतीबद्दलचं त्याचं मत कशाला ऐकायचं? आणि तिथे पास झालं तरी एक नाव घोषित करू नका. बारा राउंड धरले तर काय, पंधरा धरले तर काय, ठोशाच्या ताकदीचा अंक थोडा कमी केला तर निकाल उलटतो का, ते मांडा. निकाल कशाने उलटतो हे कळणं, विजेता कोण यापेक्षा जास्त कामाचं आहे.

तुमच्या प्रबंधातही एखादा ‘तेरावा राउंड’ असणार. व्हायव्हाला परीक्षक बोट ठेवतील त्याआधी तुम्हीच तो शोधा. उत्तर छान आलं की स्वतःला एवढंच विचारा: हे डेटाने सांगितलं, की मीच त्याच्या तोंडी घातलं?