‘कॉल ऑफ’ आणि ‘करून टाकणे’

१९९४ साली मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होतो. एका शनिवारी दुपारी हेड ऑफिसातून चिठ्ठी आली : उद्याचे इन्स्पेक्शन कॉल्ड ऑफ. ‘कॉल’ म्हणजे बोलावणे हे मला पक्के ठाऊक होते. ‘ऑफ’ हे एवढेसे अक्षर, त्याच्याकडे कोण बघतो? इन्स्पेक्शनला बोलावणे आले आहे असे समजून मी रविवारी चौदा माणसे कामावर घेतली. रॅक पुसले, गंजके बोल्ट वेगळे काढले आणि दुपारपर्यंत सगळे फाटकाकडे बघत बसलो. त्या चौदा जणांचा ओव्हरटाइम मंजूर झाला नाही. त्यातला एक फिटर पुढे वर्षभर मला भेटला की विचारायचा, “काय कारकूनसाहेब, आज कोणाला कॉल ऑफ?”

त्या रात्री घरी येऊन मी माझी इंग्रजी शिकण्याची मार्गदर्शिका उघडली. तिच्यात ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्स’ होते, ‘किक द बकेट’ होते, ‘कॉल ऑन’ म्हणजे भेट घेणे हेही होते. ‘कॉल ऑफ’ नव्हते. तेव्हापासून मला हा नाद लागला. अप्पा बळवंत चौकातून, फोर्टच्या फुटपाथवरून, रद्दीच्या दुकानांतून जमवलेल्या अशा सतरा मार्गदर्शिका आज माझ्याकडे आहेत. त्यांच्यावर मुले पैसे आणि उमेदीची वर्षे घालवतात, म्हणून त्यांची परीक्षा घ्यायला हवी.

आधी वाक्प्रचारांचे बघू. ‘कॅट्स अँड डॉग्स’ सतराही पुस्तकांत आहे. दोघांत तर त्याची कथाही आहे : जुन्या इंग्लंडात कुत्री-मांजरे गवताने शाकारलेल्या छपरात झोपत आणि पाऊस आला की घसरून खाली पडत. ही निव्वळ लोणकढी आहे. उतरत्या छपरावर कुत्रे झोपायला कशाला जाईल? कोकणातल्या कोणत्याही पोराने हा प्रश्न विचारला असता. खरी गंमत पुढेच आहे. जोनाथन स्विफ्टच्या १७३८ साली छापलेल्या एका पुस्तकात हा वाक्प्रचार येतो आणि ते पुस्तक आहे गुळगुळीत, शिळ्या गप्पांची टर उडवणारे. उच्चभ्रू बैठकींत लोक तीच ती ठरीव वाक्ये कशी फेकतात, हे स्विफ्टला दाखवायचे होते. म्हणजे त्याने जी वस्तू जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी शिळी म्हणून दाखवली, ती आपण मुलांना ताजा दागिना म्हणून देतो आहोत.

‘किक द बकेट’चा प्रकार अधिक गंभीर. फ्रान्सिस ग्रोसने १७८५ साली हलक्या, गावठी इंग्रजीचा कोश छापला, त्यात हा शब्दप्रयोग आहे. तो कोणत्या बोलीतला, हे कोशाच्या नावातच आले. आमच्या मार्गदर्शिका मात्र समोर ‘मृत्यू पावणे’ एवढेच लिहितात. मराठीत मेला, वारला, देवाघरी गेला, कैलासवासी झाला, खपला, गचकला हे सगळे एकच का? ‘आपले वडील गचकल्याचे कळले, फार वाईट वाटले’ असे पत्र आपण लिहू का? इंग्रजीत ते लिहायची सोय या पुस्तकांनी करून ठेवली आहे. आपल्याकडे वा. गो. आपट्यांनी ‘मराठी भाषेचे संप्रदाय व म्हणी’ असे पुस्तकाचे नाव ठेवले. ‘संप्रदाय’ हा शब्द मला फार आवडतो. कोण, कोणाजवळ, कोणत्या प्रसंगी बोलतो हे त्यात गृहीत आहे.

तरीही वाक्प्रचार चुकले तर माणूस फार तर हास्यास्पद ठरतो. रविवार फुकट जातो तो जोड क्रियापदांमुळे. सामान्य क्रियापदाला अप, ऑफ, आउट, ऑन असे शेपूट लागते आणि अर्थ पालटतो. परक्या माणसाला ही जागा सर्वांत अवघड जाते, हे डॉ. जॉन्सनने १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवले होते. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र १९२५मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकातून रूढ झाले. ते आपल्याला हेन्री ब्रॅडली या कोशकाराने सुचवले, असे त्याने स्वतःच सांगितले आहे.

मार्गदर्शिका या क्रियापदांची वर्णानुक्रमे यादी देतात. गिव्ह अप, गिव्ह इन, गिव्ह अवे. मग गो ऑन, गो ऑफ. प्रत्येकासमोर एक मराठी अर्थ, की झाले. ‘पुट ऑफ’समोर ‘लांबणीवर टाकणे’ असते, पण त्याचा ‘मन विटवणे’ हा अर्थ नसतो. ‘मेक अप’ हे भांडणानंतरचे गोडही असते आणि रचलेली थापही असते, हे नसते. ‘कॉल इट ऑफ’ चालते, ‘कॉल ऑफ इट’ चालत नाही. उलट ‘लुक आफ्टर इट’ म्हणावे लागते, ‘लुक इट आफ्टर’ नाही. हा रोज लागणारा नियम माझ्या सतरांपैकी एकाच पुस्तकात सापडला, तोही तळटीपेत.

माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. ही यादी क्रियापदावरून लावण्याऐवजी शेपटावरून लावून बघा. ईट अप, ड्रिंक अप, टेअर अप, यूज अप. यांत ‘वर’ काहीच जात नाही. काम पुरते संपते, एवढेच. आता मराठी बोला : खाऊन टाक, पिऊन टाक, फाडून टाक, वापरून टाक. यांत तरी आपण काय टाकतो? फेकण्याचा अर्थ विरून गेला आणि पुरेपणाचा उरला. ‘आउट’ घ्या. फाइंड आउट म्हणजे शोधून काढणे, पिक आउट म्हणजे निवडून काढणे, क्रॉस आउट म्हणजे खोडून काढणे. ‘बाहेर’ आणि ‘काढणे’ ही एकाच हाताची दोन बोटे आहेत. रीड ऑन, वॉक ऑन म्हणजे वाचत राहा, चालत राहा. राइट डाउन म्हणजे लिहून ठेव. आणि ‘पुट ऑफ’ला ‘लांबणीवर टाकणे’पेक्षा ‘पुढे ढकलणे’ हा आपला शब्द किती जवळचा आहे!

मोरो केशव दामल्यांच्या १९११च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त संयुक्त क्रियापदांची चर्चा आहे. ती शाळेत आपण पाचदहा गुणांपुरती शिकतो आणि इंग्रजीच्या तासाला विसरतो. ‘खाल्ले’ आणि ‘खाऊन टाकले’ यांतला फरक चार वर्षांच्या पोराला कळतो. तीच जाण हाताशी असताना आपण त्याला ‘ईट अप : संपूर्ण खाणे’ असे घोकायला लावतो.

हे सगळीकडे जुळत नाही, हेही सांगतो. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे. इथे माझी किल्ली चालत नाही, पाठच करावे लागते. ‘बोलून टाकले’ यात मनावरचे ओझे उतरल्याचा जो भाव आहे, तो ‘अप’मध्ये नाही. ‘बसणे’ तर त्याहून हट्टी. ‘जमीन विकली’ ही बातमी झाली. ‘जमीन विकून बसला’ यात आता हात चोळण्यावाचून उपाय नाही, हे आले. इंग्रजीत यासाठी शेपूट सापडत नाही. बोलताना ते ‘वेंट अँड सोल्ड’ म्हणतात, त्यात थोडी छटा येते.

आणखी एक गोष्ट. आपल्या शाळा-कचेऱ्यांनी आपल्याला पोस्टपोन, कॅन्सल, टॉलरेट, इन्व्हेस्टिगेट शिकवले. हे शब्द लॅटिन घराण्यातले. घरातला इंग्रज पुट ऑफ, कॉल ऑफ, पुट अप विथ, लुक इंटू म्हणतो. आपण ‘स्थगित’ आणि ‘अन्वेषण’ शिकून ‘पुढे ढकला’ आणि ‘बघतो जरा’ न शिकलेल्या परदेशी माणसासारखे आहोत. अर्ज उत्तम लिहितो. बोलणे सुरू झाले की दचकतो. माझी ती चिठ्ठी ‘कॅन्सल्ड’ म्हणून आली असती तर चौदा जणांचा रविवार वाचला असता.

सध्या मी एक वही करतो आहे, शेपटांवरून लावलेली, उजवीकडे मराठी सहायक क्रियापदे. आमच्या वाचनालयात बारावीची एक मुलगी अभ्यासाला येते. तिला ‘अप’चे पान दाखवले. ‘गिव्ह अप’समोर मी ‘सोडून देणे’ लिहिले होते. ती म्हणाली, “काका, इथे ‘देणे’ दोन्हीकडे आहे की!” मी वीस वर्षे ती जोडी बघतो आहे, माझ्या लक्षात आले नव्हते. मग आम्ही दोघे त्यावर अर्धा तास भांडलो. इंग्रजीत ‘देणे’ मुख्य आणि शेपूट मदतीला, मराठीत ‘सोडणे’ मुख्य आणि ‘देणे’च मदतीला, असे माझे म्हणणे. तिचे म्हणणे असे की दोन्हीकडे हातातली वस्तू जातेच ना? समासात तिचे म्हणणेही लिहून ठेवले आहे.