मोठी फाइल आणि प्रामाणिक साधन

शब्दकोशात एक शब्द पाहायचा असेल तर आपण आधी सारा शब्दकोश पाठ करीत नाही. पण संगणकावरचे बहुतेक साधे संपादक नेमके हेच करतात. फाइल उघडा म्हटले, की ती पहिल्यापासून शेवटपर्यंत स्मृतीत भरून घेतात. फाइल लहान असेल तोवर हे चालते. मराठी विकिपीडियाचा सर्व मजकूर एकाच फाइलीत उतरवून घेता येतो. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा, म्हणजे अडचण ध्यानात येईल.

ही अडचण नवी नाही. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील ली मॅकमहॉन यांना ‘फेडरॅलिस्ट’ या १७८७-८८ मधील ८५ निबंधांचा अभ्यास करायचा होता. कोणता निबंध कोणी लिहिला, हे शब्दांच्या वापरावरून ताडायचे होते. मजकूर सुमारे एक मेगाबाइट होता आणि तेव्हाच्या संगणकात एका प्रोग्रामच्या वाट्याला ६४ किलोबाइटच्या घरात स्मृती येई. ‘एड’ हा संपादक एवढा मजकूर पेलू शकत नव्हता. तेव्हा केन थॉम्पसन यांनी ‘एड’मधला शोधण्याचा भाग बाहेर काढून ‘ग्रेप’ हा स्वतंत्र प्रोग्राम केला. तो १९७३ च्या युनिक्समध्ये आला. त्यातली युक्ती साधी आहे: एक ओळ वाचावी, तपासावी, जुळली तर छापावी आणि विसरावी. फाइल कितीही मोठी असो, हाताशी ओळ एकच.

मग संपादनासाठीही हीच युक्ती का नाही? विचार करा. फाइलीच्या सुरुवातीला एक अक्षर घालायचे तर पुढची सारी अक्षरे एकेक जागा सरकवावी लागतात. म्हणून शोधणे स्वस्त आणि बदलणे महाग. मॅकमहॉन यांनीच लिहिलेला ‘सेड’ यावर असा तोडगा काढतो: जुनी फाइल ओळीओळीने वाचत जायची आणि बदललेल्या ओळी नव्या फाइलीत लिहायच्या. जुनी प्रत शाबूत राहते, हा जास्तीचा लाभ. नुसते वाचायचे असेल तर ‘लेस’ बरा. तो सारी फाइल वाचून होण्याची वाट न पाहता पहिले पान दाखवतो. ‘विम’ समर्थ आहे, पण तोही पूर्ण फाइल वाचूनच उघडतो. फार मोठ्या फाइलीसाठी त्याची पहिली निवड मी करणार नाही.

पण वेगापेक्षा मोठी कसोटी आहे ती प्रामाणिकपणाची. विंडोज ९५ मधील नोटपॅडची मर्यादा ६४ किलोबाइटच्या आसपास होती. त्याहून मोठी फाइल दिली, की ‘फाइल फार मोठी आहे, वर्डपॅड वापरू का?’ असे ते विचारी. साधन दुबळे होते, पण खरे बोलणारे होते. याउलट २०२० मध्ये इंग्लंडमध्ये काय झाले ते पाहा. प्रयोगशाळांकडून आलेल्या मजकूर-फाइली एक्सेलच्या जुन्या स्वरूपात घेतल्या जात. त्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. जास्तीच्या ओळी गुपचूप गळाल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ कोरोनाबाधित रोजच्या आकड्यांत आले नाहीत आणि त्यांच्या संपर्कातील माणसांचा शोध लांबला. अडून बसणारे साधन त्रास देते. न सांगता गाळणारे साधन घात करते.

या कसोटीवर ‘ग्रेप’लाही पूर्ण गुण देता येत नाहीत. काही सापडले नाही तर ते नुसते गप्प बसते. आपल्या लिपीत हे मौन फसवे ठरू शकते. ‘दऱ्या’ आणि ‘दर्‍या’ हे शब्द कागदावर सारखेच दिसतात. पण पहिल्यात नुक्ता असलेला ऱ आहे, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह आहे. एक रूप शोधले तर दुसरे हाती लागत नाही. दोष ‘ग्रेप’चा नाही, पण चुकीचा निष्कर्ष मात्र आपल्या माथी येतो. शिवाय यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे तेवढ्याच अक्षरांची मराठी फाइल इंग्रजीच्या जवळजवळ तिप्पट भरते.

म्हणून माझा सल्ला असा: वाचायला ‘लेस’, शोधायला ‘ग्रेप’, ठराविक बदल करायला ‘सेड’, आणि हाताने दुरुस्ती करायची असेल तर फाइलीचे तुकडे पाडून नेहमीचा संपादक. साधन कोणतेही घ्या, कामाआधी आणि कामानंतर ओळी मोजा. युनिक्स व लिनक्सवर ‘डब्ल्यूसी’ ही आज्ञा ते क्षणात करते. सहलीला जाताना आणि परतताना आपण मुले मोजतोच ना? ओळींनाही तोच न्याय लावावा.