मोशेची पलटण

थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांचे 'आर्मी लाइफ इन अ ब्लॅक रेजिमेंट' हे पुस्तक १८७० साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६२ च्या नोव्हेंबरात, पूर्वाश्रमी धर्मोपदेशक असलेला हा गोरा गृहस्थ साउथ कॅरोलायनातील एका पलटणीचा कर्नल झाला. पलटणीतील शिपाई कालपरवापर्यंत मळ्यांवर राबणारे गुलाम होते.

लेखकाच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांस शंका नाही. शिपायांना गोऱ्यांइतका, दरमहा १३ डॉलर पगार देण्याचे वचन असता हाती ७ डॉलर पडू लागले, तेव्हा हिगिन्सन वृत्तपत्रांतून सतत भांडले. मार्च १८६५ मध्ये कायदा होऊन न्याय मिळाला. पुस्तकाचे सर्वोत्तम प्रकरण मात्र भक्तिगीतांचे आहे. रात्री शेकोटीभोवती शिपाई गात. कर्नल अंधारात उभे राहून, कधी खिशातल्या खिशात, ते शब्द टिपून घेत. येथे अधिकारी श्रोता होतो आणि लेखणी नम्र होते.

इतरत्र ती तशी राहत नाही. या माणसांना ते पुन:पुन्हा लहान मुलांची उपमा देतात. इतिहासातील बहुतेक थोर घटना हे शिपाई मोशेच्या नावावर घालतात, याचे त्यांना कौतुकमिश्रित हसू येते. आम्हांस हे अज्ञान वाटत नाही. ज्यांनी दास्य भोगले, त्यांच्या लेखी बंधन तोडणारा प्रत्येक जण मोशेच होता. निर्गमाचा ग्रंथ कर्नलने अभ्यासला होता. शिपायांनी तो जगला होता.

याच पलटणीत कपडे धुणारी आणि शिपायांना लिहावाचावयास शिकविणारी सूझी किंग टेलर ही जन्माने गुलाम. तिच्या आठवणी १९०२ साली प्रसिद्ध झाल्या. कर्नलविषयी तिला आदरच आहे. पण तिच्या लेखी हे शिपाई बालके नाहीत, पती आहेत, सोबती आहेत. ही दोन पुस्तके शेजारी ठेवूनच वाचावीत.

आपल्या धर्मग्रामांतही 'भोळे भाविक' हा शब्द मोठ्या मायेने उच्चारला जातो. त्या मायेत उंचीवरून पाहणे किती आणि ऐकणे किती, हा प्रश्न हे पुस्तक आम्हां धर्मगुरूंपुढे ठेवते. प्रेम असूनही माणसाला लहान लेखता येते. हिगिन्सन यांच्या उत्तम पुस्तकातील हीच उणीव आहे.