कौल, चिठ्ठी आणि 'शफ'

मसुऱ्यात नशिबाचा विषय काढला की आंगणेवाडी आलीच. भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगातल्या तिथीवरून ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. कौल साक्षीने होतो, म्हणून मानला जातो.

हीच कसोटी 'शफ'ला लावू. २००६ पासून जीएनयू कोअरयुटिल्समध्ये असलेली ही आज्ञा फाइलमधल्या ओळी पत्त्यांसारख्या पिसून देते. भजनस्पर्धेत मंडळांचा क्रम लावायला छानच! काहीजण 'सॉर्ट -आर' वापरतात, पण ती हॅशनुसार लावते. सारख्या ओळी एकमेकींना चिकटूनच राहतात. ते खरं पिसणं नव्हे.

माझा आक्षेप मात्र 'शफ'वरही आहे. पुन्हा चालवला की क्रम बदलतो. आयोजकाने मनाजोगता क्रम येईपर्यंत दहादा चालवला, तर कळणार कुणाला? टोपलीतली चिठ्ठी निदान सगळ्यांदेखत उचलतात.

सोय आहे, '--रँडम-सोर्स'. आधी यादी बंद करा, मग सर्वांसमोर एकदाच यादृच्छिक बाइटांची फाइल बनवा, ती 'शफ'ला द्या आणि जपून ठेवा. तीच यादी, तीच फाइल, तीच आवृत्ती असेल तर क्रमही तोच येतो. शंका असेल त्याने घरी ताडून बघावं. पण ही सोय मागावी लागते, आपणहून मिळत नाही. उणीव आहे ती हीच.